पोटातले जिवाणू : बेटीव्यवहार की रोटीव्यवहार?

(आरोग्य-कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडंसं संपादन केलं आहे.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढचा विषय वाचून काल रात्रीच दोघीतिघींनी विचारलं, "अगं, मारहाण, पोटगी, रेशन एवढं सगळं पडलेलं असताना तू पोटातल्या जंतूंवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी या विषयाकडे कशी आले ते आधी सांगते.

वस्तीतल्या आमच्या केंद्रावर एक बाई यायची. वय बावीस-तेवीस, पहिलटकरीण, बाळ पाच महिन्यांचं. सासूने बाळंतिणीला म्हणून सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध लावलं होतं. घरची परिस्थिती बेताची, म्हणजे त्या दुधासाठी खरोखर पदरमोड चालली होती. पण दूध प्यायलं की तासा-दोन तासांत हिचं पोट फुगायचं, गुडगुडायचं आणि जुलाब व्हायचे. ती दूध टाळायला लागली. एकदा मोरीत ओतताना सापडली. मग सुरू झालं. "माहेरी कधी दूध पाहिलं होतं का, पचणार कुठून?" "यांच्या घराण्याचं रक्तच हलकं." बाळ अशक्त होतं, तर तेही "आईच्या वाणावर गेलंय." नवऱ्याने हात टाकला तेव्हा ती आमच्याकडे आली.

मारहाण झाली की काय करायचं हे आपल्याला माहीत असतं. ते आम्ही केलं. पण जाता जाता तिने मला विचारलं, "ताई, खरंच माझ्या रक्तात काही खोट आहे का हो?" मी एमएसडब्ल्यू केलेली, जीवशास्त्र दहावीत सुटलं ते सुटलंच. "छे गं, असं काही नसतं," असं म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की माझं उत्तर चूक होतं. सासूचंही चूकच होतं. दोघींचं चुकत होतं ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी दूध. दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती आहे तशी रक्तात जात नाही. लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एक प्रकारचा पाचकरस, तिचे तुकडे करतं, मगच ती शोषली जाते. अंगावर पिणाऱ्या बाळाकडे हे विकर भरपूर असतं. वासराकडे, मांजरीच्या पिलाकडेही असतं. पिलू दूध सोडून दुसरं खायला लागलं की शरीर ते करणं हळूहळू कमी करतं. माणसांतही बहुतेकांचं असंच होतं. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांचं लॅक्टेज लहानपणानंतर उतरणीला लागतं. उरलेल्यांच्या जनुकांमध्ये एका अक्षराचा बदल झालेला असतो, त्यामुळे त्यांचं लॅक्टेज मोठेपणीही चालू राहतं. हा बदल गेल्या काही हजार वर्षांत, जनावरं पाळून दूध पिणाऱ्या समाजांमध्ये पसरला. भारतातल्या दोन हजारांहून जास्त लोकांच्या नमुन्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. युरोपात सापडणारा बदल आपल्याकडेही आहे, वायव्येकडे तो जास्त आढळतो आणि दक्षिण-पूर्वेकडे यावं तसा कमी होत जातो, असं त्यात दिसलं.

म्हणजे दूध न पचणं ही खोट नव्हे. माणसाची जुनी घडण तीच आहे, मोठेपणी दूध पचणं हेच नवं. तिच्या जनुकांचा त्यात हात होता, म्हणून मी चुकले. सासूने त्याला हलकं रक्त म्हटलं, तिथे ती चुकली.

आता या न पचलेल्या साखरेचं पुढे काय होतं? ती जाते मोठ्या आतड्यात, आणि तिथे आपले भाडेकरू राहतात. शास्त्रज्ञांनी २०१६ साली पुन्हा हिशोब मांडला तेव्हा एका माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज निघाला. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. (आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडेल, तो आकडा जुना.) या सगळ्या जिवाणूंचं वजन भरतं जेमतेम २०० ग्रॅम. रोग करणारे त्यांत थोडे. बाकीचे आपल्याला न पचलेलं खातात, आंबवतात, त्यातून काही आम्लं तयार होतात ती आतड्याच्या अस्तराला पोसतात, आणि गॅसही होतो. त्यांच्यातलं एक घराणं म्हणजे बायफिडोबॅक्टेरियम. दुधाची साखर ही त्यांची मेजवानी.

कुठल्या जनुकाचा कुठल्या जिवाणूशी संबंध आहे हे शोधायला २०२१ साली वेगवेगळ्या देशांतल्या २४ गटांमधल्या १८,३४० माणसांची माहिती एकत्र केली गेली. एवढ्या मोठ्या चाळणीतून, सगळ्यांत कडक कसोटी लावल्यावर, एकच जागा खणखणीत उरली. ती या लॅक्टेजच्या जनुकाची. ज्यांचं लॅक्टेज मोठेपणी बंद पडतं त्यांच्या पोटात बायफिडो जास्त सापडतात. हा संबंध मोठ्यांमध्ये दिसतो, वयाबरोबर बदलतो, आणि ते बरोबरच आहे. बाळपणी सगळ्यांचंच लॅक्टेज चालू असतं, मग फरक दिसणार कुठून? पुढच्या वर्षी फिनलंडमधल्या जवळपास ६,००० लोकांचा अभ्यास आला. त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. अशा जनुकाच्या माणसांत बायफिडो वाढतात ते दूधदुभतं खाल्लं तर.

इथे जरा थांबते, कारण सगळी गंमत इथेच आहे. जनुक त्या जिवाणूला बोलावत नाही. ते फक्त ठरवतं की पेल्यातलं किती पुढे उरेल. पेल्यात दूधच नसेल तर जनुक कुठलंही असो, जिवाणूला काही फरक पडत नाही. आणि पेला भरतो कोण, तो कुणाच्या हातात दिला जातो, हे प्रश्न जीवशास्त्राचे नाहीत, ते आपल्या ओळखीचे आहेत.

मग एकूण हिशोबात अनुवंशाचा वाटा किती? हे मोजायची जुनी रीत म्हणजे जुळी भावंडं. एकरूप जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, भिन्न जुळ्यांची कुठल्याही सख्ख्या भावंडांइतकी, म्हणजे सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकेका घरातच वाढतात. तेव्हा एकरूप जुळ्यांची पोटं एकमेकांशी जास्त जुळली, तर तो जास्तीचा भाग जनुकांचा. लंडनमध्ये १९९२ पासून जुळ्यांची एक मोठी नोंदवही चालवली जाते. त्यात बहुतांश बायका आहेत. औषधांचे प्रयोग पुरुषांवर आणि निष्कर्ष बायकांना लागू, याची आपल्याला सवय असल्यामुळे हे वाचून मला जरा बरं वाटलं. तिथल्या ४१६ जोड्यांवरचा अभ्यास २०१४ साली आला. पुष्कळसे जिवाणू जनुकांची फारशी पत्रास ठेवत नाहीत, पण काही थोडे ठेवतात असं दिसलं. त्यांतलं सगळ्यांत ठळक, क्रिस्टेन्सेनेलेसी अशा अवघड नावाचं कुटुंब, अंगाने सडपातळ असलेल्यांमध्ये जास्त सापडलं. त्यासाठी अनुवंशाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास निघाला.

हा 'टक्का' नीट समजून घ्यायला हवा. उद्या कुणी तुमच्यासमोर फेकेल. ४० टक्के म्हणजे तुमच्या पोटातले ४० टक्के जिवाणू आईबापांकडून आले, असं नाही. त्या गटातल्या माणसामाणसांत जो फरक आहे त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढाच त्याचा अर्थ. वसतिगृहाचं उदाहरण घ्या. पन्नास मुली एकाच खाणावळीत तीच आमटी, तोच भात जेवतात. जेवणात फरकच नाही, तेव्हा त्यांच्या पोटांत जो फरक उरतो तो बराचसा जनुकांचा दिसणार. त्याच मुली सुट्टीत आपापल्या घरी गेल्या, एकीकडे मासे-भात, दुसरीकडे भाकरी-ठेचा, तिसरीकडे पाव आणि चहा, की जेवणाचाच फरक एवढा होतो की जनुकांचा टक्का घसरतो. मुली त्याच, जनुकं तीच. टक्का बदलला.

दुसरा अभ्यास २०१८ सालचा, इस्राएलमधला. तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथे कुणाचे पूर्वज पूर्व युरोपातले, कुणाचे येमेनचे, कुणाचे उत्तर आफ्रिकेतले. पण आज सगळे एका देशात, साधारण सारख्या वातावरणात राहतात. अशा १,०४६ निरोगी माणसांची जनुकं आणि पोटातले जिवाणू तपासले. पूर्वज कुठले यावरून जिवाणू ओळखू येत नव्हते. अनुवंशाचा एकूण वाटा निघाला १.९ ते ८.१ टक्क्यांच्या मध्ये. खाणंपिणं, औषधं, शरीराची मापं यांचा संबंध २० टक्क्यांहून जास्त फरकाशी. आणि पुढचं नीट ऐका. रक्ताचं नातं नसलेली पण एका घरात राहणारी माणसं एकमेकांसारखी निघाली. रक्ताचं नातं असलेली पण कधीच एका घरात न राहिलेली माणसं तशी निघाली नाहीत.

आपल्या समाजाने दोन कुंपणं घातली होती, बेटीबंदी आणि रोटीबंदी. रक्त शुद्ध ठेवायला पहिली, ताट शुद्ध ठेवायला दुसरी. त्या शास्त्रज्ञांनी जातीचा अभ्यास केलेला नाही, ही जोड मी माझ्या जबाबदारीवर देते आहे. पण जिवाणूंचा कल कुठे दिसतो? त्यांना बेटीव्यवहाराशी थोडं देणंघेणं आहे, रोटीव्यवहाराशी पुष्कळ. ते हातातून हातात, पाण्याच्या हंड्यातून, एका अंथरुणातून, बाळाला धुतलेल्या हाताने मळलेल्या पिठातून फिरतात. परक्या घरातून येऊन या घरात राहणारी, रक्ताचं नातं नसलेली व्यक्ती म्हणजे कोण? सून. तेव्हा "हिच्या पोटात माहेरचं आहे" असं म्हणणाऱ्या सासूला सांगायला हरकत नाही, की दोन वर्षं तुमच्या चुलीवर जेवल्यावर तिच्या पोटात आता बरंचसं तुमचंच असणार.

एक शंका मात्र माझ्या मनात राहते. 'एका घरात राहणारे' असं अभ्यासात लिहिलेलं असतं. आपल्याकडे एका घरात एकच ताट असतं का? पुरुषांना आणि पोरांना वरची भाजी, बाईला सगळ्यांच्या शेवटी तळाशी राहिलेलं आणि काल उरलेलं. चूल एक, पण ताटं वेगळी. जिवाणू मोजायचे तर आपल्याकडे शिरगणती घराची करून भागायची नाही, ताटाची करावी लागेल.

इथवर ऐकून "म्हणजे जनुकांचं काही चालत नाही" असं समजून घरी जाऊ नका. केनियातल्या अंबोसेली भागात बबून माकडांचा अनेक वर्षं अभ्यास चालू आहे. तिथल्या ५८५ माकडांच्या विष्ठेचे १६,२३४ नमुने, तेही १४ वर्षांतले, तपासून २०२१ साली निष्कर्ष आले. माणसांचा नमुना बहुतेकदा एकदाच घेतलेला असतो, इथे एकेका माकडाचे पुन्हा पुन्हा घेतले होते. इतक्या बारकाईने पाहिल्यावर जिवाणूंच्या ९७ टक्के गुणांमध्ये अनुवंशाचा काही ना काही हात सापडला. पण तो हात छोटा, सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास. आणि तो कधी वाढायचा? कोरड्या ऋतूत, खाण्यात विविधता कमी झाली की. आपल्या वसतिगृहाच्या मुली आठवल्या ना? ताटात विविधता नसली की जनुकांचा आवाज मोठा ऐकू येतो.

आता आईकडे वळते, कारण सगळं बोट शेवटी तिथेच येतं. बाळाला पहिले जिवाणू बरेचसे आईकडून मिळतात, जन्मताना आणि नंतर अंगावर पिताना. हा वारसा खरा, पण तो जनुकांचा वारसा नव्हे. 'आईकडून आलं' आणि 'आईच्या रक्तातून आलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. जनुकांचाही एक धागा आहे. फुट-२ नावाचं एक जनुक आहे. ते चालू असलेल्या आईच्या दुधात एका विशिष्ट प्रकारच्या साखरा असतात, बंद असलेल्या आईच्या दुधात त्या नसतात. या साखरा बाळाला पचतच नाहीत, त्या असतात बाळाच्या पोटातल्या बायफिडोंसाठी. म्हणजे आई बाळाला पाजताना त्याच्या भाडेकरूंनाही पाजत असते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधल्या २०१५ च्या अभ्यासात, हे जनुक बंद असलेल्या आयांच्या बाळांमध्ये बायफिडोंचा जम बसायला जरा वेळ लागला असं दिसलं. वेळ लागला, एवढंच. अशा आईचं दूध निकस असतं असा अर्थ कुणी काढला तर तिथल्या तिथे खोडून काढा. नाहीतर उद्या डब्याची पावडर विकणारा हेच वाक्य घेऊन बाळंतिणीच्या खाटेशी येईल.

आणि ते अशक्त बाळ? "आईच्या वाणावर गेलंय" याला उत्तर आफ्रिकेतल्या मलावी देशातून मिळतं. तिथे जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्यांवर वयाच्या तीन वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. अभ्यास प्रसिद्ध झाला २०१३ साली. निम्म्या जोड्यांत दोन्ही मुलं ठीक राहिली. ७ टक्क्यांत दोन्ही कुपोषित झाली. पण ४३ टक्के जोड्यांत एक मूल कुपोषित झालं आणि दुसरं नाही. आई तीच, झोपडी तीच, वय तेच, त्यांतल्या एकरूप जोड्यांची तर जनुकंही तीच. मग कुपोषित मुलाच्या पोटातले जिवाणू, जन्मापासून जिवाणूच नसलेल्या उंदरांच्या पोटात सोडले आणि त्यांना तिथल्या गरिबांचं मक्याचं जेवण दिलं. उंदरांचं वजन झपाट्याने घटलं. वाईट जिवाणू आणि निकस जेवण, दोन्ही एकत्र आल्यावर हा परिणाम दिसला.

ढाक्याच्या मीरपूर झोपडपट्टीतला अभ्यास यापुढे जातो. वर्ष ते दीड वर्षाच्या मध्यम कुपोषित मुलांना तीन महिने दोन प्रकारचा आहार दिला. एका गटाला नेहमीचा पूरक आहार, दुसऱ्याला जिवाणूंचा विचार करून बनवलेला. दुसऱ्यात काय होतं? हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्चं केळं. २०२१ साली निष्कर्ष आला की या दुसऱ्या आहारात उष्मांक कमी असूनही मुलांची वाढ जास्त चांगली झाली. हसताय ना? बेसन आणि शेंगदाणे! मीही हसले होते. पण उद्यापासून प्रत्येकीने अंगणवाडीत कच्ची केळी कुस्करायला घ्यावीत असं मी म्हणत नाही. ११८ मुलांचा अभ्यास आहे, आणि त्याचंही पाकीट करून विकणारा कुणीतरी निघेलच. मला त्यातलं एवढंच घ्यायचं आहे, की बदलता आलं ते ताटातून आलं. मुलांची जनुकं होती तशीच होती.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगते? कारण 'वाण' हा शब्द फक्त सासूच्या तोंडी नसतो. २०१३ साली अरविंद पनगढिया या नामांकित अर्थतज्ज्ञांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये लेख लिहिला. भारतीय मुलं अनुवंशानेच बुटकी असू शकतात, तेव्हा जागतिक मापं लावून कुपोषणाचे आकडे फुगतात, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावर त्याच साप्ताहिकात बराच वाद झाला. विषय उंचीचा होता, जिवाणूंचा नव्हे, पण युक्तिवादाची जात तीच. जागतिक आरोग्य संघटनेची मापं २००६ साली आली ती सहा देशांतल्या मुलांवरून. त्यांत दक्षिण दिल्लीतली, खाऊनपिऊन सुखी घरांतली, अंगावर प्यायलेली मुलंही होती. ती नॉर्वे-अमेरिकेतल्या मुलांसारखीच वाढली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. दोष वाणाचा ठरला की अंगणवाडीच्या आहाराचा निधी वाढवायला नको, पाण्याची लाइन टाकायला नको, बाईच्या ताटाकडे बघायला नको. सोयीचं आहे सगळं.

म्हणून उद्या आहाराच्या गटचर्चेत दूध या विषयावर भांडण होईल तेव्हा दोन्ही बाजू लक्षात ठेवा. सगळ्यांना दूध पचलंच पाहिजे असा हट्ट नको. "त्यांच्यात दूध पचत नाही" असं म्हणून एखाद्या वस्तीचं दूध बंद करू द्यायचं, असंही नको. लॅक्टेज कमी असलेल्या पुष्कळ जणींना थोडं थोडं, जेवणाबरोबर घेतलेलं दूध चालतं. दह्यात आणि ताकात विरजणाच्या जिवाणूंनी साखर काही प्रमाणात आधीच खाल्लेली असते, म्हणून ते सोसतं. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी अंडं, डाळ, नाचणी, तीळ आहेत. पण जुलाब थांबत नसतील, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर जनुक आणि जिवाणूंच्या गप्पा बाजूला ठेवून तिला दवाखान्यात न्या.

त्या बाईच्या घरी मी नंतर गेले. हे सगळं एवढं लांबण लावून सांगितलं नाही, थोडक्यात सांगितलं. दुधाऐवजी दुपारच्या जेवणात वाटीभर ताक आणि रोज एक अंडं असं ठरलं. बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू केलं. निघताना सासूबाईंनी चहा ठेवला. कोराच होता. मी म्हटलं, "दूध संपलं का?" तर म्हणाल्या, "दूध आहे की. पण मला नाही चालत. पहिल्यापासून पोट बिघडतं माझं." सून चुलीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघीही चहा पिऊ लागलो.